मदत हवी आहे: पॅम-२५० (प्रथिनांची तुलना करायची सारणी) म्हणजे २५० टक्के बदल? अकरावीला कसं समजावू?

मंडळी, गणिताच्या जोरावर जीवशास्त्रात नि वैद्यकात काम केलेल्या स्त्रियांवर अकरावीच्या मुलांपुढे अर्धा तास बोलायचंय. नुसती नावं आणि फोटो नकोत, एक तरी गणित फळ्यावर करून दाखवीन, असं कबूल करून बसलेय.

हिल्डा हडसन मला फार आवडली. मूळची भूमितीवाली, पण १९१७ मध्ये रोनाल्ड रॉससोबत साथ कशी पसरते याची समीकरणं मांडली. साथींच्या गणितासाठी नावाजलेल्या कर्मॅक-मॅकेंड्रिक जोडीच्या दहा वर्षं आधी! एव्हलिन फॉक्स केलर यांनी ली सेगलसोबत १९७० मध्ये दाखवलं की स्लाइम मोल्ड या बुरशीसारख्या सूक्ष्मजीवाच्या उपाशी पेशी गोळा व्हायला कुणी म्होरक्या पेशी लागतेच असं नाही. सगळीकडे सारख्या पसरलेल्या पेशींची ती स्थितीच अस्थिर होऊ शकते. पण दोन्हीकडे डिफरन्शियल इक्वेशन्स. अकरावीला झेपणार नाहीत.

म्हणून मार्गारेट डेहॉफ. संभाव्यता आणि लॉगवर भागतं. १९६५ मध्ये त्यांनी ६५ प्रथिनांचा ॲटलस काढला, पुढे १९७८ मध्ये जवळच्या नात्यातल्या प्रथिनांच्या ७१ गटांतले १५७२ बदल मोजून पॅम सारण्या केल्या, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतलं कोणतं अमिनो आम्ल बदलून कोणतं येतं याच्या. पॅम-१ म्हणजे दर १०० अमिनो आम्लांमागे निसर्गाने पचवलेला १ बदल. इथवर ठीक.

घोडं अडलंय पॅम-२५० पाशी. १०० जागा आणि २५० बदल? मग मूळचं काही उरेलच कसं? शिवाय या सारणीतले गुण काढायला लॉग कशासाठी घेतला, तेही नीट सांगता येत नाहीये.

प्रतिसाद १
नाइटिंगेलबाईंची १८५८ ची सैनिकांच्या मृत्यूंची पाकळ्यांची आकृती घ्या की. पाकळीचं क्षेत्रफळ मृत्यूंच्या प्रमाणात, म्हणजे त्रिज्या वर्गमूळाच्या प्रमाणात. पाच मिनिटांत होईल.

प्रतिसाद २
ती सुरुवातीला घ्याच, पण डेहॉफबाईंना सोडू नका.

२५० ही बदलांची गिनती आहे, बदललेल्या जागांची नाही. एकाच जागेवर अक्षर (म्हणजे अमिनो आम्ल; वीस प्रकारांना वीस अक्षरं) चारदा बदलेल, फिरून मूळचंही येईल; दुसऱ्या जागेला धक्काही लागणार नाही. पॅम-१ चा मॅट्रिक्स (बदलांच्या शक्यतांचा तक्ता) स्वतःशी गुणत २५० वा घात काढला की तरीही साधारण २० टक्के जागा मूळच्यासारख्याच दिसतात.

वर्गात वीस अक्षरं नकोत, दोनच घ्या: क आणि ख. दर पायरीला बदलायची शक्यता १ टक्का. न पायऱ्यांनंतर मूळचंच अक्षर दिसायची संभाव्यता (१ + ०.९८ चा न वा घात) ÷ २. न = २५० टाकलं की ०.५०३ येतं. कॅल्क्युलेटर मुलांच्याच हातात द्या.

लॉगचं म्हणाल तर: दोन प्रथिनांच्या साखळ्या एकाखाली एक मांडल्या की प्रत्येक जागी एक गुणोत्तर मिळतं. ही जोडी नात्यामुळे दिसायची शक्यता भागिले नुसत्या योगायोगाने दिसायची शक्यता. शंभर जागांची गुणोत्तरं गुणत बसण्यापेक्षा लॉग घेऊन बेरीज सोपी. डेहॉफबाईंनी दहाच्या पायाचा लॉग घेऊन त्याला १० ने गुणलं आणि पूर्णांकात आणलं; तेच त्या जोडीचे गुण.

धागाकर्ती
हुश्श! दोन अक्षरांचं मी आत्ताच करून पाहिलं. न = १० ला ०.९०९ येतं, म्हणजे घसरण किती सावकाश आहे तेही दाखवता येईल. पण पॅम-२५० मध्ये ट्रिप्टोफॅन-ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लांच्या जोडीला १७ गुण आणि ॲलनिन-ॲलनिनला फक्त २? दोन्हीकडे अक्षर तर जुळलंच आहे.

प्रतिसाद २
ट्रिप्टोफॅन मुळातच विरळा, आणि सहसा बदलतही नाही. योगायोगाने दोन्हीकडे सापडणं कठीण, त्यामुळे सापडला की नात्याचा पुरावा भक्कम. १७ म्हणजे १० चा १.७ वा घात, सुमारे ५० पट. ॲलनिन जागोजागी असतं आणि सहज बदलतं; २ म्हणजे जेमतेम १.६ पट. मुलांना आडनावांवरून सांगा. दोघांचं आडनाव सर्रास आढळणारं असेल तर कुणी नातं विचारत नाही. दुर्मीळ असेल तर लगेच विचारतात.

धागाकर्ती
आडनावांपासूनच सुरुवात करते. नाइटिंगेल दुसरी. हडसनला दोन मिनिटं तरी देणारच, समीकरण न लिहिता.