अनुभव धागा: जुना कर्नल, नवा वायफाय

धागाकर्ता
मंडळी, सांवेर रोडच्या कारखान्यांपासून घरच्या म्हाताऱ्या लॅपटॉपपर्यंत इंदुरात जुनं लिनक्स अजून बरंच चालतंय. कर्नल (प्रणालीचा गाभा) बदलता येत नाही, कारण वरचं सॉफ्टवेअर त्याच्याशीच बांधलेलं. बाजारात मिळणारा डोंगल (यूएसबीत खोचायचा वायफाय) मात्र नवा. ही सोयरीक तुम्ही कशी जमवलीत ते लिहा. "नवीन मशीन घ्या" हा सल्ला नको, तो मालकांना देऊन झालाय.

सांवेररोडकर
आमच्या कटिंग मशीनच्या पीसीवर ३.१३ कर्नल आहे. डोंगलची चिप एमटी७६०१यू, जिचा ड्रायव्हर (चिप चालवणारा कोड) कर्नलात आला ४.२ मध्ये, २०१५ साली. तेवढंच फोल्डर उचलून जुन्यावर 'मेक' मारलं (म्हणजे कंपाइल केलं) की एररची रांग लागते. कर्नल बाहेरच्या प्रोग्रामांना सहसा मोडू देत नाही, पण आतली फंक्शनं बिनदिक्कत बदलतो.

यावर बॅकपोर्ट्स हा प्रकल्प आहे, पूर्वीचा कॉम्पॅट-वायरलेस. तो नव्या कर्नलचे ड्रायव्हर घेतो आणि जुन्यात नसलेली फंक्शनं 'कॉम्पॅट' नावाच्या मोड्यूलमधून (कर्नलात चढवायच्या तुकड्यातून) पुरवतो. आपल्या कर्नलला चालेल अशीच आवृत्ती घ्या. नव्या आवृत्त्यांनी फार जुने कर्नल हळूहळू सोडून दिलेत. मेन्यूकॉन्फिगमध्ये (काय बांधायचं ते निवडायच्या यादीत) फक्त आपली चिप ठेवा, नाहीतर चहा होऊन जेवण झालं तरी कंपाइल चालूच.

खरी मजा पुढे. सगळं कंपाइल होतं, पण मोड्यूल चढत नाही आणि डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) येतं, "डिसअग्रीज अबाउट व्हर्जन ऑफ सिंबल". कर्नलचं स्वतःचं सीएफजी८०२११ (वायफायचं पायाभूत मोड्यूल) आधीच मेमरीत ठाण मांडून असतं आणि नवं मॅक८०२११ (त्याच्यावर बसणारं मोड्यूल) त्याला ओळख देत नाही. म्हणून सबंध घराणंच बदलायचं: जुनी वायरलेस मोड्यूल उतरवा, मग कॉम्पॅट, सीएफजी८०२११, मॅक८०२११ आणि शेवटी ड्रायव्हर. एकदा डेपमॉड (कोणतं मोड्यूल कोणावर अवलंबून त्याची यादी बनवणारी आज्ञा) चालवलं की मॉडप्रोब (मोड्यूल चढवणारी आज्ञा) हा क्रम स्वतः लावतो. फर्मवेअरची (चिपच्या आत चालणाऱ्या प्रोग्रामची) फाइल वेगळी आणावी लागते. ती लिब-फर्मवेअर फोल्डरमध्ये नसेल तर ड्रायव्हर चढतो, वायफाय दिसत नाही.

आणि हो, कर्नलचं आपोआप अपडेट बंद करा. नवा कर्नल आला की ही मोड्यूल त्याच्यासाठी पुन्हा बांधावी लागतात.

जेलरोडचा_गिऱ्हाईक
माझ्याकडे चिपचाच पत्ता नव्हता. एलएसयूएसबीत (जोडलेल्या यूएसबी वस्तूंच्या यादीत) ०बीडीए:१ए२बी दिसलं, म्हणजे डोंगल स्वतःला सीडी ड्राइव्ह म्हणवतोय, आत विंडोजचा ड्रायव्हर घेऊन. यूएसबी-मोडस्विचने ती सीडी बाहेर काढली तेव्हा खरा वायफाय आयडी समोर आला. ड्रायव्हर शोधायचा तो या आयडीवरून. डबीवरच्या नावावर भरवसा नको, त्याच नावाच्या पुढच्या आवृत्तीत चिप वेगळी निघू शकते.

कर्नल हेडर (ड्रायव्हर कंपाइल करायला लागणाऱ्या फाइली) उतरवायला नेट हवं आणि नेटसाठी ड्रायव्हर हवा, या चक्रातून फोनच्या यूएसबी टेदरिंगने सुटका होते.

लॅबवाले_सर
सेंटओएस ७ (रेड हॅट कंपनीच्या लिनक्सवरून बनलेली प्रणाली) वाल्यांनो, तुमचं दुखणं निराळं आहे. यूनेम (कर्नलचा आकडा सांगणारी आज्ञा) म्हणतो ३.१०, पण रेड हॅटने त्याच आकड्याखाली पुढच्या कर्नलचा वायरलेस भाग आणून बसवलेला असतो. ड्रायव्हरमधली 'कर्नल अमुकपेक्षा जुना असेल तर' ही तपासणी आकडा बघते आणि फसते. सीएफजी८०२११_डिसकनेक्टेड या फंक्शनचंच घ्या. मूळ कर्नलात त्याला एक आर्ग्युमेंट ४.२ मध्ये वाढलं, पण सेंटओएसच्या नंतरच्या ७.एक्स आवृत्त्यांत ३.१० वरही ते लागतं. "टू फ्यू आर्ग्युमेंट्स" दिसलं की आकडा विसरा आणि हेडर फाइल उघडून बघा. जुळवणी करायची तर रेड हॅटच्या रिलीज कोडची वेगळी अट घाला.

या प्रणालीची मुदत जून २०२४ मध्ये संपली, हे आमच्या लॅबला अजून कोणी कळवलेलं नाही.

रामबागेतला_नेटवाला
भिया, एवढं कशाला? एआर९२७१ चिपचा डोंगल शोधा. त्याचा एथ९के-एचटीसी ड्रायव्हर २.६.३५ पासून कर्नलातच आहे, फक्त फर्मवेअर टाकायचं.

सांवेररोडकर
नेटवाले, ती चिप फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालते. आमच्या शेडमध्ये त्या पट्ट्यावर एवढी गर्दी आहे की सिग्नल असून फाइल सरकत नाही, आणि आताच्या डोंगलचंही तेच रडगाणं.

रामबागेतला_नेटवाला
मग ५ गिगाहर्ट्झवाला एखादा पडीक राउटर क्लायंट मोडमध्ये (दुसऱ्या राउटरचं वायफाय घेईल असा) लावा आणि पीसीच्या लॅन पोर्टात वायर घाला. मशीनला वाटेल साधी केबल आहे. ३.१३ असो नाहीतर २.६, ड्रायव्हरचा प्रश्नच येत नाही.