मदत हवी आहे: आईसाठी घरी ट्रेनर लावावा का?

मंडळी, जरा सल्ला द्या. आई ६३ वर्षांची. मधुमेह आहे, गुडघे कुरकुरतात. डॉक्टर म्हणाले, नुसतं चालून भागणार नाही, स्नायूंचा व्यायाम हवा. जागतिक आरोग्य संघटनेचंही तेच: आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि शिवाय निदान दोन दिवस ताकदीचे व्यायाम. चालायला आई एका पायावर तयार असते. डंबेल्स म्हटलं की "मला काय दारासिंग व्हायचंय?"

सोसायटीच्या जिममधला एक ट्रेनर आठवड्यातून तीनदा घरी यायला तयार आहे. महिना आठ हजार, तीन महिन्यांचे आगाऊ. मुलगा गोड बोलतो, पण पहिल्याच भेटीत प्रोटीन पावडरवर आला. साखर किती, गोळ्या कोणत्या, हे विचारलंच नाही! इन्सुलिन किंवा काही गोळ्या चालू असताना व्यायामाने साखर एकदम उतरू शकते, हे त्याला ठाऊक असायला नको का? मला तिथेच खटकलं. बाबांना मात्र तो आवडलाय.

दुसरा विचार असा, की आधी फिजिओथेरपिस्टकडून गुडघे तपासून घ्यावेत, खुर्चीवरून उठ-बस, रबरी पट्ट्यांचे व्यायाम शिकून घ्यावेत आणि मग घरीच करावेत. पण मागे कुणी लागलं नाही तर आई आठवड्यात सोडून देईल, हेही खरं.

कुणी घरच्या ज्येष्ठांसाठी ट्रेनर लावलाय का? प्रमाणपत्र कोणतं बघितलंत? आगाऊ पैशांचं काय ठरवलंत? कोथरूड-कर्वेनगर भागात शिकवणारी बाई असेल तर फारच बरं, आई मोकळेपणाने करेल.