‘हया’ला मराठीत काय म्हणायचं? लाज, शालीनता, चाड की अदब?

खाडीकाठ (कौसा-मुंब्रा):
मंडळी, एका शब्दापाशी चार दिवस अडून बसले आहे. जरा हात द्या.

आमच्या वस्तीत उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलींचा वर्ग भरतो. नमाज, दुआ आणि सोबत चारचौघांत वावरण्याचे आदाब. त्याची चार पानी पत्रिका आजवर उर्दूत निघायची. यंदा बऱ्याच मुली मराठी माध्यमाच्या आहेत. उर्दू बोलतात, वाचता येत नाही. मी शाळेत मराठीच शिकवते, म्हणून काम माझ्याकडे आलं. नजर, आवाज, अत्तर, पोशाख हे पटापट झालं. ‘लपवलेला दागिना कळावा म्हणून पाय आपटत चालू नये’ इथे तर ‘पैंजण’ आपणहून धावून आला. अडलं ते ‘हया’वर.

मूळ वाक्य साधं आहे: घराबाहेर हयेनं चालावं. आधार कुरआनच्या 28व्या सूरेतल्या (अध्यायातल्या) 25व्या आयतीचा (वचनाचा). पैगंबर मूसा अलैहिस्सलाम परक्या मुलखात, मदयनला पोचतात. पाणवठ्यावर गुराख्यांची गर्दी. दोन बहिणी आपली जनावरं आवरून बाजूला थांबलेल्या, वडील म्हातारे. मूसा त्यांच्या जनावरांना पाणी पाजतात आणि सावलीला जाऊन बसतात. मग त्या दोघींपैकी एक ‘हयेनं चालत’ येते आणि सांगते, तुम्ही पाणी पाजलंत त्याचा मोबदला द्यायला वडील बोलावताहेत.

पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं, ‘ती लाजत लाजत आली.’ आठवीतल्या लेकीला वाचायला दिलं. ती म्हणाली, “अम्मी, लाजत म्हणजे नवरीसारखी? का काही चुकलं म्हणून?” मी पेन खाली ठेवलं. ती मुलगी दोन्ही नाही. परक्या पुरुषापुढे एकटी येते, निरोप एका दमात सांगते. त्यात घुटमळ नाही आणि आगाऊपणाही नाही.

माझी नानी रोह्याकडची, घरात कोकणी बोली. मी पहिल्यांदा बुरखा घालून कॉलेजला निघाले तेव्हा मान खाली घालून भिंतीच्या कडेकडेनं चालत होते. नानीनं दारातून हाक मारली, “दबून नको, अदबीनं चाल.” माझ्या लेखी हया म्हणजे ते. पण अदब हा शब्दच निराळा. शुक्रवारी पत्रिका छापायला जायची आहे.

कोपरीची अनुवादक:
ताई, सरळ ‘शालीनता’ लिहा. मुलींना कळेल, शब्दाला भारदस्तपणाही आहे. एक सांगते, ‘विनय’च्या वाटेला जाऊ नका. अकरा वर्षं कोर्टाची कागदपत्रं मराठीत करतेय. दंडसंहितेचं कलम 354, आता न्याय संहितेचं 74, दोन्हीकडे गुन्ह्याचं नाव एकच: विनयभंग. ‘विद्या विनयेन शोभते’ मधला विनय शिस्तीचा, नम्रतेचा, आणि तो पुरुषालाही शोभायचा. कायद्यानं तो बाईच्या अंगाशी बांधून टाकला. आता कुणी ‘मुलींनी विनय राखावा’ असं लिहिलं की मला पुढचा ‘भंग’च दिसतो.

नेरूळचे आजोबा:
अनुवादकताई, शालीनतेबद्दल माझं थोडं वेगळं म्हणणं आहे. ‘शालीन’ आला ‘शाला’वरून. शाला म्हणजे घर. पाणिनीनं हा शब्द ‘अधृष्ट’ म्हणजे धीट नसलेला या अर्थी सिद्ध केला आहे. थोडक्यात घराबाहेर पडली की जिची छाती दडपते ती शालीन. आणि इथे प्रश्न आहे बाहेर पडलेल्या, परक्याशी बोलणाऱ्या मुलीचा. व्युत्पत्ती लक्षात घेतली तर शब्द नेमका उलट्या बाजूला जातो.

आता हया. ‘हयात’ शब्द आपण रोज वापरतो. दर नोव्हेंबरात मी निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला द्यायला बँकेत रांग लावतो. यंत्रावर अंगठा टेकवायचा, माझ्या वयाला तो तीनदा पुसून टेकवावा लागतो. तो ‘हयात’ आणि तुमचा ‘हया’ एकाच अरबी धातूचे. जगण्याशी नातं असलेला शब्द आहे. मेलेल्याला लाज नसते, जित्याला असते, असा मी त्याचा अर्थ लावतो.

मराठी हवा असेल तर ‘चाड’ घ्या. ‘त्याला कशाची चाड नाही’ म्हणतो ना, ती. लाज दुसऱ्यानं पाहिलं की वाटते, चाड एकट्यालाही असते. ‘जनाची नाही तर मनाची’ म्हणतात त्यातली दुसरी.

खाडीकाठ:
आजोबा, ‘मनाची’ हे तुम्ही फार जवळचं सांगितलंत. हदीस, म्हणजे पैगंबर साहेबांचं वचन, आहे, ‘हया वाटत नसेल तर मनाला येईल ते कर.’ आणि दुसरी, ‘हया ही ईमानची (श्रद्धेची) एक शाखा आहे.’ कुणी बघो न बघो, अल्लाह बघतोय, त्याची ती जाणीव.

तळोजेवाला:
आपा, एक गोष्ट पत्रिकेत जरूर घाला. 24व्या सूरेत नजर खाली ठेवायला सांगितलंय ते 30व्या आयतीत आधी पुरुषांना. स्त्रियांची आयत त्यानंतरची, 31वी. आणि खुद्द पैगंबर साहेबांबद्दल हदीसमध्ये आहे की पडद्यातल्या कुमारिकेपेक्षाही ते जास्त हयावान होते. आता ‘लाजाळू’, ‘शालीन’, ‘मर्यादशील’ यातला कुठला शब्द तुम्ही पुरुषाला आदरानं लावाल? मराठीत हे सगळे शब्द बायकांच्या वाट्याला टाकून दिलेत. संध्याकाळी पनवेलच्या गाडीत दारात उभी असलेली पोरं बघतो, तेव्हा वाटतं वर्ग त्यांचाही भरवायला हवा, आणि त्यांना समजेल असा शब्दही हवा.

घोडबंदरचा स्वभाषाप्रेमी:
चर्चा चांगली आहे, पण मूळ मुद्दा निसटतोय. मराठी पत्रिकेत हया, आदाब, ईमान हे शब्द फक्त लिपी बदलून ठेवायचे तर अनुवाद कशाला? शिवरायांनी राज्यव्यवहारकोश, म्हणजे कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा कोश, मुद्दाम करवून घेतला तो याचसाठी. लज्जा, मर्यादा, संयम असे शब्द असताना परक्या शब्दांची गरज नाही. मर्यादा शब्द पुरुषालाही चालतो, मर्यादापुरुषोत्तम आहेच. मजकूर मराठी वाटला पाहिजे.

कोपरीची अनुवादक:
दादा, तुमच्या चार ओळींतले ‘फक्त’, ‘गरज’ आणि ‘मजकूर’ अरबीतूनच आले. ते काढा म्हणत नाही, ते आपलेच झालेत. माधवराव पटवर्धनांचंच बघा. 1925 साली फार्शी-मराठी कोश त्यांनी केला, मराठी गझल रुजवली त्यांनीच, आणि पुढे भाषाशुद्धीचा कैवारही त्यांनीच घेतला. एका माणसाच्या मनात दोन्ही ओढी असू शकतात. पण ज्या मुलीनं जन्मापासून आईच्या तोंडून ‘हया’ ऐकलाय तिला तो परका कसा? शब्द कुणाला परका, हे आधी ठरवायला हवं.

घोडबंदरचा स्वभाषाप्रेमी:
रुळलेले शब्द वेगळे, नव्यानं आणायचे वेगळे. ‘मजकूर’ प्रत्येक मराठी घरात आहे, ‘हया’ नाही. यात मी कुणाच्या घराला कमी लेखत नाही.

खाडीकाठ:
दादा, राग नाही. पण माझं घरही मराठीच आहे. नानीला उर्दू धड येत नव्हतं. तिच्या मराठीत अदब होती, मुर्वत होती, हया होती. आणि ‘भीडमुर्वत’, ‘बेमुर्वत’ तर तुमच्याकडेही आहेत ना?

जुनं पनवेल:
आमच्या आजीच्या माहेरी, मराठा घराणं, बायकांना ‘गोषा’ होता. पालखीवर, बैलगाडीवर पडदा टाकत. ‘गोषातल्या बायका’ असंच म्हणत, आणि त्यात मान होता. म्हणजे प्रथा एका धर्माची नव्हे. माझ्या मते पडदा शब्द आपला ‘पट’ वरूनच आलाय, आणि गोषा बहुधा ‘गोषवारा’शी संबंधित असावा.

नेरूळचे आजोबा:
पडदा सरळ फारसी ‘पर्दा’वरून. पट-पडदा जुळणी कानाला गोड आहे, पण खरी नाही. गोषाही फारसीच, ‘गोशा’ म्हणजे कोपरा. गोशानशीन म्हणजे कोपऱ्यात बसणारा, एकांतात राहणारा. आजींच्या गोष्टीतला मान मात्र मीही ऐकलेला आहे. साताऱ्याकडे माझ्या आत्याबाई भर उन्हात शेताच्या बांधावर उभ्या असल्या, तरी सासरा येताना दिसला की डोईवरचा पदर दोन बोटांनी कपाळापर्यंत ओढायच्या. हातातलं काम थांबायचं नाही. त्याला लाज म्हणत नसत. ‘पदर घेतला’ एवढंच.

खारघर, गणिताची शिक्षिका:
पदरावरून आठवलं, याच 31व्या आयतीत ‘जुयूब’ शब्द आहे ना? ओढणी छातीवरून, गळ्याच्या उघड्या भागावरून घ्यावी, असा अर्थ. जुयूबचं एकवचन ‘जैब’, म्हणजे अंगरख्याचा गळा. हिंदीतली ‘जेब’ तीच. आपण ‘खिसा’ म्हणतो तो फारसी ‘कीसा’वरून.

आणि माझ्या विषयातली गोष्ट अशी की संस्कृत गणितातली ‘ज्या’ किंवा ‘जीवा’, धनुष्याची दोरी, अरबांनी ‘जीबा’ म्हणून घेतली. अरबीत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत, म्हणून पुढच्यांनी तीच अक्षरं ‘जैब’ वाचली. लॅटिनमध्ये भाषांतर करणाऱ्यांनी जैबचा अर्थ बघून त्याच अर्थाचं ‘सायनस’ केलं, त्याचं आजचं ‘साइन’. मी हे फळ्यावर लिहिते तेव्हा ओढणी घेतलेल्या दोन मुली पहिल्या बाकावर असतात. त्यांना मी सांगितलं की तुमच्या ओढणीच्या आयतीतला शब्द आणि हे साइन सख्खे शेजारी आहेत. एकीनं वहीच्या समासात ‘जैब’ लिहून त्याला चौकट केली.

जुनं पनवेल:
वा! मग कोसाइनला काय म्हणत?

खारघर, गणिताची शिक्षिका:
कोटिज्या. सवडीनं लिहिते.

खाडीकाठ:
विषय निघालाच आहे तर मनातलं एक बोलते. ‘बुरखा फाडणे’, ‘सभ्यतेचा बुरखा’, ‘बुरखा पांघरलेला ढोंगी’. वर्तमानपत्रात रोज. गेल्या वर्षी शाळेतल्या बैठकीत एका सरांनी टेबलावर हात आपटून म्हटलं, “या लोकांचा बुरखा फाडला पाहिजे.” विषय कंत्राटदाराचा होता. पण म्हणता म्हणता त्यांची नजर माझ्यावर पडली, ते गडबडले आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चहाचा कप धरून बसले होते. त्यांच्या मनात काही नव्हतं हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी त्या दिवशी दारावर बुरखा अंगावर चढवताना मला त्याची बटणं लावता येईनात. माझ्यासाठी जे कापड हयेचं, ते माझ्याच भाषेत खोटेपणाचं नाव आहे. मी मुलांना वाक्प्रचार शिकवते, हा कसा शिकवू?

घोडबंदरचा स्वभाषाप्रेमी:
ताई, हे वाचून वाईट वाटलं. ‘मुखवटा’ आहे की आपला. ‘मुखवटा गळून पडला’, ‘मुखवटा उतरवला’. मी यापुढे तेच लिहीन.

कोपरीची अनुवादक:
भावना कळते, पण वाक्प्रचार काढून टाका म्हणायला मी तयार नाही. मुखवट्यात दुसरं तोंड लावलेलं असतं, बुरख्यात तोंड झाकलेलं. अर्थात फरक आहे. शिवाय बोलणाऱ्याच्या डोळ्यापुढे कापड नसतंच.

तळोजेवाला:
ताई, तुमच्या डोळ्यापुढे नसतं. आपाच्या हातात होतं.

कोपरीची अनुवादक:
यावर उत्तर नाही माझ्याकडे. विचार करते.

नेरूळचे आजोबा:
खाडीकाठताई, उद्या शुक्रवार. चाड ठरलं का?

खाडीकाठ:
ठरवलं होतं. ‘मनाची चाड राखून चालावं’ असं लिहिलं, लेकीला दाखवलं. ती म्हणाली, चाड तर ‘चाड नाही’ असंच ऐकलंय, कुणाला शिव्या देतानाच. मी शोधून पाहिलं, ‘चाड बाळगणे’ आहे, पण तिच्या कानावर नाही. मग आयतीचं वाक्य असं केलं: ‘त्यांपैकी एक हयेनं, अदबीनं चालत त्यांच्याकडे आली.’ आणि लगेच पुढे, ‘ती घाबरली नव्हती, मिरवतही नव्हती. परक्याशी बोलताना आपला आणि समोरच्याचा मान राखून तिनं निरोप नीट सांगितला.’ तळोजेवाले भाऊ, पुरुषांची आयत पहिल्या पानावर घेतली आहे. चेहरा झाकण्याबद्दल आलिमांत (धर्मपंडितांत) मतभेद आहेत, तिथे ते तसंच लिहिलं, माझं मत घातलं नाही.

घोडबंदरचा स्वभाषाप्रेमी:
वाक्य सुंदर झालंय. ‘हयेनं’ काढलंत तरी ते उभं राहतं, एवढंच म्हणतो.

कोपरीची अनुवादक:
मला ‘अदबीनं’ खटकतं. मराठीत अदब वरच्यापुढे खालच्यानं दाखवायची. शिपाई साहेबापुढे अदबीनं उभा राहतो. ती मुलगी कुणाच्या हाताखालची नाही. नानींच्या तोंडी चाललं, छापलेल्या कागदावर त्याचा अर्थ बदलतो.

खाडीकाठ:
नानीच्या तोंडचं आहे म्हणूनच ठेवलंय. सकाळी साडेसातला फाइल पाठवली.

दिवा जंक्शन:
आत्ताच सगळं वाचलं. कुणी ‘लिहाज’ कसा सुचवला नाही? लिहाज आणि आपला ‘मुलाहिजा’ एकाच धातूचे, मुळात अर्थ बघणं, डोळ्याच्या कोपऱ्यानं पाहणं. ‘कुणाचा मुलाहिजा न ठेवता’ म्हणजे समोर कोण आहे ते न बघता. नजरेवरूनच आलेला शब्द, आणि मराठीत केव्हाचा रुळलेला. आमच्याकडे दिव्याला जुने लोक ‘मुलायजा’ म्हणतात, य घालून. तुमच्याकडे काय म्हणतात?