अनुभव धागा: आहे त्याच गिझरचं गरम पाणी पुरवायचं कसं?

थंडीत तिसऱ्या माणसाच्या वाट्याला कोमट पाणी येतं, हे गाऱ्हाणं घरोघरचं. मोठा गिझर न घेता तुम्ही काय केलंत, ते सविस्तर लिहा. गिझर किती लिटरचा आणि पाणी नळाचं की बोअरचं, हेही सांगा.

नाशिक, 15 लिटर, नळाचं पाणी:
नॉब 60 अंशांवर ठेवतो. नळाचं पाणी 20 अंशांचं धरलं, तर 15 लिटरमध्ये तेवढंच विसण घालून 40 अंशांचं 30 लिटर होतं. नॉब 50 वर असेल तर साडेबावीसच. हाती येतं ते याहून थोडं कमी, कारण खालून थंड पाणी शिरत असतं. नळ धो धो सोडू नका, नाहीतर हे थंड पाणी वरच्या गरम पाण्यात मिसळतं. बादलीत मात्र आधी थंड, मग गरम. घरात लहान मूल असेल तर हे पाळाच.

सोलापूर, 25 लिटर, बोअर:
आमच्याकडे सगळा खेळ क्षारांचा. मेकॅनिकने गिझर उघडला तेव्हा कॉईलवर बोटभर पांढरी खर होती, तळाशी वाटीभर चुरा आणि टाकी गंजू नये म्हणून आत बसवलेल्या मॅग्नेशियमच्या कांडीची नुसती तार उरलेली. कॉईल साफ केली, कांडी बदलली, पाणी पूर्वीसारखं लवकर तापू लागलं. बोअरवाल्यांनी दर हिवाळ्याआधी गिझर उघडून घ्यावाच.

पुणे, फ्लॅट:
गिझरमध्ये पाणी कढत, शॉवरला कोमट! प्लंबरने गिझरचा थंड पाण्याचा कॉक बंद करून गरम नळ सोडला. धार थांबायला हवी होती, ती चालूच राहिली. म्हणजे मिक्सरमधून (गरम-थंड पाणी एकत्र करणारा नळ) थंड पाणी गरम लाइनीत घुसत होतं. मिक्सरचं कार्ट्रिज, म्हणजे आतली झडप, बदललं आणि प्रश्न मिटला. गिझरवर खर्च करण्याआधी ही तपासणी कराच, फुकट आहे.

सांगली, सोलर:
आंघोळी लागोपाठ उरकतो, म्हणजे पाइपातलं पाणी पुन्हापुन्हा गार होत नाही. सुरुवातीचं गार पाणी बादलीत धरून कपड्यांना वापरतो. गच्चीवरच्या उघड्या पाइपाला फोमची नळी चढवल्यावर ते गार पाणीही बरंच कमी झालं.

नाशिक, पुन्हा:
पुणेकर, तुमची तपासणी आत्ताच केली. आमची धार थांबली, मिक्सर ठीक आहे. सोलापूरकर, कांडी बदलताना गॅस्केटही (गळती रोखणारी रबरी चकती) नवीन घातलं का?