मदत हवी आहे: रात्रीचं अनावर खाणं, आरसा आणि स्वतःला इजा करावीशी वाटणं

प्राजक्तकळी
धाकट्या बहिणीसाठी विचारतेय, वय १९, तिला सांगूनच. क्रम ठरलेला आहे. सकाळी काही नाही, दुपारी नावापुरतं, रात्री अकरानंतर पोट दुखेपर्यंत. मग आरसा, वजनकाटा, 'मी किती घाण दिसते', आणि शेवटी स्वतःला इजा करण्याची ऊर्मी. समुपदेशकाची वेळ दहा दिवसांनंतरची मिळालीय. तोवर काय करायचं? डाएट चार्ट दिला तर खाणं आटोक्यात येईल का? आणि ऊर्मी येते तेव्हा शेजारच्या माणसाने नेमकं काय करावं?

घड्याळकाटा
शेवटचा प्रश्न आधी घेते.

तिला सरळ विचारा: 'मरावंसं वाटतं का? तसं काही ठरवलंयस का?' विचारल्याने नसलेला विचार डोक्यात येत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर 'हो, ठरवलंय' असेल तर दहा दिवस थांबायचं नाही. त्याच दिवशी रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग गाठा, आणि तोवर तिला एकटीला सोडू नका. भारतात असाल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. आत्ताच फोनमध्ये घालून ठेवा, ऐन वेळी शोधायला सुचत नाही.

ठरवलेलं काही नसेल तरी ज्या वस्तूंनी इजा होऊ शकते त्या तिच्या हाताशी नकोत. हे काम ती शांत असताना, तिच्या संमतीने करा. तिच्या नकळत खोली उपसलीत तर पुढच्या वेळी ती लपवायला शिकेल.

ऊर्मी लाटेसारखी चढते आणि ओसरते. 'कधीच करणार नाही' असं वचन मागू नका. 'पंधरा मिनिटं थांबू' एवढंच म्हणा आणि टायमर लावा. खोली बदला, बंद दाराआड नको. ऊर्मी शून्य ते दहात किती, ते कागदावर लिहायला सांगा. पाच मिनिटांनी पुन्हा, मग पुन्हा. ८, ८, ६ असे आकडे तिच्याच अक्षरात दिसले की 'हे थांबणारच नाही' ही समजूत सैल पडते. पंधरा मिनिटांनंतरही आकडा मोठाच असेल तर आणखी पंधरा.

गार पाण्याचाही उपयोग होतो. पसरट भांड्यात गार पाणी घ्यायचं, श्वास रोखून कपाळ आणि डोळ्यांभोवतीचा भाग १५ ते ३० सेकंद बुडवायचा. त्याने हृदयाचे ठोके मंदावतात. पण हृदयाचा त्रास असेल, वजन खूप कमी असेल किंवा उलट्या काढणं चालू असेल, तर हा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. दुसऱ्या मार्गाने वेदना देणारे 'सौम्य पर्याय' काही जण सुचवतात, ते मला पटत नाहीत. त्रास झाला की दुखवून घ्यायचं, ही सवय तशीच राहते.

अर्धविराम
डाएट चार्ट अजिबात नको. रात्रीचं खाणं सकाळच्या उपाशीपणातून येतं. १९४४-४५ साली अमेरिकेतल्या मिनेसोटात ३६ धडधाकट पुरुषांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवून अभ्यास केला होता. दिवसभर त्यांच्या डोक्यात अन्नाशिवाय दुसरं काही नसे, आणि बंधन उठल्यावर त्यांतले कित्येक पोट भरूनही थांबू शकत नव्हते. तेव्हा 'मनावर ताबा नाही' हे वाक्य घरात बंद करा.

तीन जेवणं, मध्ये दोन किंवा तीन छोटी खाणी, आणि दोन खाण्यांत चार तासांपेक्षा जास्त अंतर नाही. सुरुवातीला भुकेवर विसंबू नका, तिचा काटा बिघडलेला असतो. घड्याळ पाहून खायचं. काय खायचं यावर पहिले दोन आठवडे वाद घालू नका, वेळ पाळली गेली की पुरे. पोट फुगल्यासारखं वाटेल, ते आधीच सांगून ठेवा, नाहीतर तिसऱ्या दिवशी सगळं सोडून दिलं जातं. मधुमेह असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

एक वही ठेवा. कॅलरी लिहायच्या नाहीत. नोंद अशी: 'रा. ११.२०. स्वयंपाकघर, उभ्याने. अर्धा पुडा बिस्किटं. आधी: मैत्रिणीचे फोटो पाहिले. दुपारी २ नंतर पोटात काही नाही.' शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं. खाल्ल्या खाल्ल्या लिहायचं. झोपताना आठवून लिहिलं की नोंदीऐवजी आरोपपत्र तयार होतं.

'भावनिक भूक अचानक येते, खरी भूक हळूहळू' असा नियम सगळीकडे सांगतात. नऊ तास उपाशी असलेल्या माणसाला तो लावू नका, तिथे दोन्ही भुका एकत्रच असतात.

शेवंती२
आरशाबद्दल. एक दिवस फक्त मोजायला सांगा: आरशात किती वेळा पाहिलं, पोट किती वेळा चिमटीत धरलं, कपडे घट्ट होतात का ते किती वेळा तपासलं. आकडा बघून तीच चकित होईल. एकाच भागाकडे जवळून टक लावून पाहिलं की तो भाग मोठाच वाटायला लागतो, आणि पुन्हा तपासावंसं वाटतं. म्हणून आरसा ठरावीक कामापुरता: केस, बटणं, झालं. थोडं लांब उभं राहायचं, पूर्ण दिसेल असं. न बसणारे कपडे पिशवीत घालून माळ्यावर टाका.

वजनकाटा तिच्या खोलीतून काढा. पाणी आणि मीठ यांमुळेच वजन दिवसाला किलो-दीड किलो इकडेतिकडे होतं. बघायचंच असेल तर आठवड्यातून एकदा, आणि अर्थ लावायचा तो चार आठवड्यांचे आकडे शेजारी ठेवून.

'आज जाड वाटतंय' म्हणाली तर 'नाही गं, छान दिसतेस' म्हणू नका. वाद दिसण्यावरच अडकतो. तासाभरात शरीर बदलत नाही, वाटणं बदलतं. त्याआधी काय घडलं ते विचारा.

घड्याळकाटा
राहिलं: चक्कर, छातीत धडधड, वारंवार उलट्या, उलटीत रक्त, यांपैकी काहीही असेल तर समुपदेशकाच्या आधी डॉक्टर. उलट्यांनी पोटॅशियम उतरतं आणि हृदयाची लय बिघडू शकते. रक्ततपासणी आणि ईसीजी करून घ्या. इजा झालीच असेल तर स्वच्छ कापडाने सलग दहा मिनिटं दाबून धरा, मध्ये उचलून बघू नका. रक्त थांबलं नाही किंवा जखम खोल असेल तर दवाखाना. तिथे भाषण नको, प्रश्नांची सरबत्तीही नको.

प्राजक्तकळी
धन्यवाद सगळ्यांना. विचारलं, तसं काही ठरवलेलं नाही म्हणाली. उलट्याही नाहीत. काल रात्री पुन्हा खाल्लं, आणि आज सकाळी म्हणते, 'कालचं अजून पचायचंय, नाश्ता नको.' आग्रह करू का?

अर्धविराम
आग्रह करू नका, पण वेळ चुकवू नका. आजचा नाश्ता टळला की आज रात्रीची तयारी झालीच. नेहमीच्या निम्मं वाढा, तुम्हीही तेच घेऊन शेजारी बसा, तिच्या ताटाकडे बघू नका. कालचा विषय काढायचा नाही. चार घास खाल्ले तरी वहीत वेळ लिहायची आणि पुढचं खाणं त्यापासून तीन तासांनी.