‘वाड्यातली मंडळी’ ग्रुप: दादाचं स्वस्तातलं पिस्तूल

दादा (कोलंबस): हो काकू, फोटोतलं खरंच पिस्तूल आहे. टॉरस कंपनीचं टीएक्स २२, .२२ इंच व्यासाच्या गोळीचं. परवा घेतलं. नेमबाजीच्या रेंजवर कागदावर नेम धरायला, बाकी कशालाच नाही.

मोठी काकू (सांगली): अरे, घरात चार वर्षांचं पोर आहे. हौसच करायची तर दुसरं काही सुचलं नाही का?

छोटी (कोल्हापूर): दादा!! कितीला पडलं?

दादा (कोलंबस): कर धरून तीनशे डॉलरच्या आत. काकू, तुमचं उत्तर देतोच, नीट लिहितो.

छोटी (कोल्हापूर): म्हणजे पंचवीस हजारांच्या आसपास! आमच्याकडे मॅचचं एअर पिस्तूल, मोरिनी किंवा स्टायर, घ्यायचं तर लाखाच्या पुढेच बोलावं लागतं. आणि त्यातून सुटतो छर्रा.

मुन्ना (डॅलस): दादा, हाय-पॉइंट कंपनीचं का नाही घेतलंस? तुझ्याच ओहायोत, मॅन्सफील्डला बनतं. नऊ एमएमच्या गोळीचं, दोनशे डॉलरच्या आत, वर आयुष्यभराची वॉरंटी. सेकंडहँड घेतलं तरी लागू.

दादा (कोलंबस): तेच बघायला गेलो होतो. त्यांचं सी ९ मॉडेल हातात घेतलं. वजन आठशे ग्रॅमच्या वर, सगळा भार वरच्या बाजूला, मॅगझिनमध्ये आठ गोळ्या. चालतं चांगलं, वापरणारे ठामपणे सांगतात. पण साफ करायला खोलायचं तर पिन ठोकून काढावी लागते. आणि खरा खर्च पिस्तुलाचा नाहीच, गोळ्यांचा आहे. इथे .२२ ची गोळी साधारण सात-आठ सेंटला, नऊ एमएमची पंचवीस सेंटच्या आसपास. दुपारभरात दोनशे झाडल्या की एकीकडे पंधरा-सोळा डॉलर, दुसरीकडे पन्नास. शिकणाऱ्याने वर्षभर टिकून सराव करायचा तर मला .२२ च पटली. टीएक्स २२ पाचशे ग्रॅमच्या आत आहे, सोळा गोळ्या बसतात आणि धक्का इतका कमी की चाप ओढताना मी डोळे मिटतोय का, मनगट खाली पडतंय का, हे माझं मला कळतं.

नानाकाका (खडकी): बरोबर केलंस. मुन्ना, हाय-पॉइंटची स्लाइड, म्हणजे वरचा मागेपुढे सरकणारा भाग, एवढी जाड का ते समजून घे. दोन्ही पिस्तुलं ब्लोबॅकची. म्हणजे गोळी सुटताना नळीचं मागचं तोंड कशाने कुलूपबंद केलेलं नसतं. स्लाइडचं वजन आणि स्प्रिंग एवढ्यावरच ते क्षणभर दाबून धरलं जातं. नऊ एमएमची नेहमीची गोळी ११५ ग्रेन, म्हणजे साडेसात ग्रॅमला टेकलेली. तिचा रेटा सोसायचा तर वजन हवंच, म्हणून जस्ताच्या मिश्रधातूची ती ओतीव भली मोठी स्लाइड. महागाच्या पिस्तुलात नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकवून हेच काम साधतात, पण त्याला मशीनवरचं काम जास्त, तिथे पैसे वाढतात. .२२ ची गोळी ४० ग्रेन, अडीच ग्रॅमच्या जरा वर. तिला ॲल्युमिनियमची हलकी स्लाइड पुरते. स्वस्त म्हणजे वाईटच असं समजू नये. कुठे पैसे वाचवले आणि त्यापायी काय सोडलं, ते बघावं.

छोटी (कोल्हापूर): आणि .२२ ला कुणी खेळणं म्हणू नका. राही सरनोबत यांनी २०१८ मध्ये जकार्ता-पालेंबांगच्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण जिंकलं, ते .२२ नेच.

नानाकाका (खडकी): खेळणं नाहीच. खोक्यावर बघा, दीड मैलापर्यंत धोका असा इशारा छापलेला असतो. मागे मातीचा बंधारा नसेल तिथे ती झाडायचीच नाही.

ताई (नाशिक): मला बोलू दे आता. दादा, तू सावध आहेस हे मला माहीत आहे. पण अमेरिकेत बंदुकीने जे मरतात त्यांत निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. घरात बंदूक असली की हा धोका घरातल्या सगळ्यांसाठी वाढतो, हे तिथल्याच अभ्यासांत पुन्हापुन्हा आलंय. वाईट दिवस कुणावरही येतो, आणि हाताशी बंदूक असेल तर सावरायला वेळच मिळत नाही. एक डॉक्टर म्हणून मला हे घरात नकोच वाटतं. भाड्याने मिळतं ना रेंजवर?

दादा (कोलंबस): मिळतं, ताई. सुरुवातीला भाड्यानेच चालवलं. पण दर वेळी वेगळं पिस्तूल, नेम धरायची वेगळी साइट, वेगळा चाप, हात बसत नाही. तुझं म्हणणं मात्र मी आणि हिने आधीच बोललो होतो. लोखंडी पेटी भिंतीत बोल्टने बसवली, पिस्तुलाच्या आधी. गोळ्या वेगळ्या कुलपात. आणि आमच्यापैकी कुणाचं मन ठिकाणावर नसेल तर दुसऱ्याने न विचारता किल्ली घेऊन पिस्तूल घराबाहेर हलवायचं, हे ठरलंय. शिवाय रात्री चोर आला तर वगैरे विचार या पिस्तुलाबाबत करायचाच नाही. ते काम त्याला दिलं की ते भरून उशाशी ठेवावं लागतं, आणि तिथूनच पोरांच्या हाती जातं. हे कायम रिकामं असणार.

ताई (नाशिक): किल्लीचं ठरवलंत ते फार चांगलं केलंत. माझं मत तेच आहे, पण हे ऐकून बरं वाटलं.

वहिनी (कोलंबस): काकू, आणखी एक. .२२ ची गोळी बहुतेक उघड्या शिशाची असते, धूर आणि काजळीतही शिसं. हे रेंजवरून आले की बूट बाहेर, हात गार पाण्याने साबण लावून, कपडे वेगळे धुवायचे आणि मगच पोराला उचलायचं. हे मी सोडणार नाही.

मोठी काकू (सांगली): ते बरं करतेस गं. शिशाचं माझ्या ध्यानीच आलं नव्हतं.

मुन्ना (डॅलस): थँक्सगिव्हिंगला येतोय, मलाही दे चालवायला.

दादा (कोलंबस): नाही, मुन्ना. तू एच-वन-बी वर आहेस. नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगणं इथल्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. अपवाद थोडे आहेत, उदाहरणार्थ एखाद्या राज्याचा चालू शिकारीचा परवाना. रेंजवर भाड्याने हातात घेतली तरी ते बाळगणंच धरतात. मी ग्रीनकार्ड येईपर्यंत थांबलो. दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरताना नागरिकत्व आणि व्हिसा दोन्ही विचारतात, मग पार्श्वभूमीची तपासणी होते. एका दुपारच्या मजेपायी तुझी इथली सगळी वर्षं पणाला नको लावूस.

मुन्ना (डॅलस): बरं झालं सांगितलंस. ऑफिसातले तर बिनधास्त जातात.

दादा (कोलंबस): जाऊ देत. तू परवाना काढ आणि वकिलाला विचार, मग मीच नेतो. आणि भारतात येणारे सगळे, हे वाचा: रेंजवर नेलेली बॅग प्रवासाला कधीच वापरू नका. अस्तरात एक काडतूस राहिलं आणि मुंबईच्या स्कॅनरमध्ये दिसलं की १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा. नकळत राहिलं हे पटून पुढे कोर्टात तो रद्दही होतो, पण तोवर विमान गेलेलं असतं आणि हेलपाटे सुरू झालेले असतात. माझी रेंजची बॅग लाल आहे, ती गॅरेजच्या वर येतच नाही.

छोटी (कोल्हापूर): दादा, चाप किती जड आहे? आमच्या एअरला किमान ५०० ग्रॅम, २५ मीटरला १००० ग्रॅम.

दादा (कोलंबस): याला दोन किलोच्या वर आहे. तुझ्या हाताला दगड वाटेल.

छोटी (कोल्हापूर): मग उलट छान. पिस्तूल न हलवता तो ओढायला शिकलास तर पुढे कुठलाही चाप सोपा. आम्ही अर्ध्याहून जास्त सराव रिकाम्या पिस्तुलानेच करतो, भिंतीकडे तोंड करून. तूही रोज दहा मिनिटं कर.

नानाकाका (खडकी): थांब. .२२ रिमफायर आहे. पेटणारं द्रव्य काडतुसाच्या कडेत भरलेलं असतं आणि पिन त्या कडेवर बसते. आत काडतूस नसेल तर काही पिस्तुलांत ती नळीच्या काठावर आपटून काठ खराब करते. आधी कंपनीची पुस्तिका वाच, शंका असेल तर आत डमी, म्हणजे नकली काडतूस, घाल. आणि एखादी गोळी उडाली नाही तर लगेच स्लाइड ओढू नकोस. तोंड लक्ष्याकडेच ठेवून अर्धा मिनिट थांब. रिमफायरमध्ये असं होतंच, द्रव्य कडेला सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं.

दादा (कोलंबस): दोन-तीन उडाल्या नाहीत पहिल्याच दिवशी. एकाच खोक्यातल्या होत्या.

नानाकाका (खडकी): त्यांवर पिनची खूण नीट बसली होती का? खूण खोल असेल तर दोष गोळीत, उथळ असेल तर पिस्तुलात. दुसऱ्या दोन कंपन्यांची खोकी घेऊन बघ, या पिस्तुलाला कुठली मानवते ते वहीत लिही.

छोटी (कोल्हापूर): आणि लक्ष्याचे फोटो टाक. दहा यार्डांवरून पाच-पाच गोळ्यांचे, शेजारी नाणं ठेवून, म्हणजे माप कळेल. सगळे डावीकडे खाली जात असतील तर बोटाचं काय चुकतंय ते मी सांगते.

दादा (कोलंबस): डावीकडे खालीच जातायत. शनिवारी टाकतो.