चढावर कार्ट थांबते, चार्जर मात्र फुल दाखवतो

प्रश्न: मालवण, समुद्राला लागून रिसॉर्ट. ४८ व्होल्टची गोल्फ कार्ट, ८ व्होल्टच्या ६ लेड-ॲसिड बॅटऱ्या. उभ्या गाडीत ५०.८ व्होल्ट. सपाटीला ठीक, चढावर दम तोडते. मोटर गेली का?

उत्तर १: मोटर खोलू नका. लोडशिवायचं व्होल्टेज फसवं असतं. मीटरच्या क्लिपा एकेका बॅटरीला लावून चढ चढा. बाकीच्या साडेसातच्या वर आणि एकच सहाखाली आली, तर चोर तीच.

उत्तर २: त्याआधी केबलींची टोकं बघा! खारा वारा लगमध्ये (केबलच्या टोकाच्या धातूच्या कडीत) शिरतो; वरून चकचकीत केबल आत हिरवी-काळी निघते. चार्जर काढून, स्विच 'टो'वर (गाडी ओढून नेण्याची स्थिती) करून निगेटिव्ह आधी सोडा. लिटरभर पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा, जुन्या ब्रशने घासा. सेलची झाकणं घट्ट हवीत, सोडा आत गेला तर ॲसिड मरतं. वाळल्यावर आवळून वरून व्हॅसलिन.

उत्तर ३: सॉलेनॉइडही (पॅडल दाबल्यावर बॅटरीचा करंट मोटरकडे सोडणारा स्विच) तपासा. 'टक्' वाजलं म्हणजे ठीक, असं नाही. चढावर पॅडल दाबलेलं असताना त्याच्या दोन जाड टर्मिनलांमध्ये जवळपास शून्य व्होल्ट हवेत. एखादा व्होल्ट दिसला तरी आतले कॉन्टॅक्ट जळलेत, बदला.